तराजू खरा, पण पेढी कोणाची?

दशलक्षण पर्व संपून आठवडाही झाला नव्हता. मार्केट यार्डातील एक आडते सकाळी सकाळी माझ्या कार्यालयात आले. त्यांच्या पेढीचे हिशेब मी गेली बावीस वर्षे पाहतो. इतक्या वर्षांत त्यांना वेळ न ठरवता आलेले मी पाहिले नव्हते. बँकेने पेढीचे चालू खाते गोठवले होते. दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार होता. शेतकऱ्यांच्या पट्ट्या द्यायच्या होत्या, हमाली आणि तोलाई चुकती करायची होती. खात्यात सव्वासहा लाख रुपये होते, पण त्यातला एक रुपया निघत नव्हता. परराज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याचे पत्र बँकेकडे आले होते. चार आठवड्यांपूर्वी या खात्यात जमा झालेले ३८,००० रुपये एका फसवणुकीच्या गुन्ह्यातील आहेत, असे त्यात म्हटले होते.

"आम्ही आयुष्यात कोणाचा एक पैसा बुडवला नाही," हे वाक्य ते पुनःपुन्हा उच्चारत होते. शेजारी त्यांचा मुलगा खाली मान घालून बसला होता. जीएसटीच्या सोयीसाठी पेढी चार वर्षांपूर्वी त्याच्या नावावर केलेली होती.

हळूहळू उलगडा झाला. मुलगा एका परदेशी संकेतस्थळावर क्रिप्टो चलनात जुगार खेळत होता. तिथे जिंकलेले यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेले क्रिप्टो नाणे, त्याने टेलिग्रामवरील एका अनोळखी ग्राहकाला बाजारभावापेक्षा दोन रुपये चढ्या दराने विकले. त्या ग्राहकाने रुपये पेढीच्या खात्यात भरले. हे सांगताना त्याला वडिलांची भीती वाटत होती. फसवणुकीची शंका मात्र त्याला अजिबात नव्हती. तो मला म्हणाला, "काका, तिथे लबाडी होऊच शकत नाही. प्रत्येक डाव गणिताने तपासता येतो. मी स्वतः तपासले आहेत."

त्याचे हे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. आपल्या घरांतील हुशार, हिशेबी, संगणक जाणणारी मुले याच युक्तिवादाने तिकडे वळतात. 'जुगार वाईट' एवढेच सांगून त्यांचे समाधान होत नाही. सप्तव्यसनांत जुगाराचे नाव पहिले घेतले जाते, हे त्यांना पाठशाळेपासून ठाऊक असते. त्यांच्या प्रश्नाला त्यांच्याच भाषेत उत्तर द्यावे लागते.

तपासणीची ही पद्धत अशी. खेळ सुरू होण्यापूर्वी संकेतस्थळ एक लांबलचक गुप्त अक्षरमाला तयार करते. तिला बीज म्हणू. हे बीज ते दाखवत नाही, पण त्याचा 'हॅश' आधीच जाहीर करते. हॅश म्हणजे त्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा. शा-२५६ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. मूळ मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. मग खेळणारा आपले स्वतःचे बीज देतो. प्रत्येक डावाला क्रमांक असतो. दोन्ही बीजे आणि हा क्रमांक एकत्र करून, ठरलेल्या सूत्राने त्या डावाचा आकडा निघतो. पुढे खेळणाऱ्याने बीज बदलायला सांगितले की जुने गुप्त बीज उघड केले जाते. त्याचा ठसा आधी जाहीर केलेल्या ठशाशी जुळला, तर मधल्या काळात कोणीही पत्ते फिरवले नाहीत हे सिद्ध होते. लाखेने बंद केलेला लिफाफा सर्वांसमोर टेबलावर ठेवावा आणि डाव संपल्यावर फोडावा, तसाच हा प्रकार.

जुगारातील विश्वासाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचा एक धागा कापसाच्या व्यापारात आहे. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या दरांच्या आकड्यांवर पैजा लागत. ते दर तारेने येत. खेळणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसे, कारण मुंबईतल्या कोणाचाही हात सातासमुद्रापार पोहोचत नव्हता. साठच्या दशकाच्या सुरुवातीस ते आकडे येणे थांबले. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आता आकडा इथल्याच माणसाच्या हातून निघणार होता. त्यामुळे पत्ते चारचौघांसमोर काढण्याला महत्त्व आले. आकडा प्रामाणिकपणे निघतो ही ख्याती हेच त्या धंद्याचे भांडवल होते. आणि आकडा प्रामाणिकपणे निघत असतानाच गिरणगावातील किती घरांच्या पगाराची पाकिटे रिकामी झाली, हे त्या काळातील लोकांनी पाहिले आहे.

आमच्या त्या मुलाला मी कागद-पेन्सिल दिली. त्याचा आवडता खेळ फाशांचा. शंभर रुपये लावायचे, जिंकल्यास दोनशे मिळायचे. जिंकण्याची शक्यता संकेतस्थळाने स्वतःच छापलेली होती : ४९.५ टक्के. म्हणजे दर शंभर रुपयांमागे सरासरीने ९९ परत. तराजूची दांडी सरळ आहे, काटा मध्यावर आहे, पण शंभराचे वजन ९९चे आहे आणि तसे त्यावर कोरलेलेही आहे. हे कोणी लपवलेले नाही. गणिती तपासणी सांगते ती एवढेच की वजन ९९चेच आहे, ९८चे नाही.

एक टक्का ऐकून व्यापाऱ्याला हसू येते. आडतीचा दरही याहून अधिक असतो. पण आडत एका मालावर एकदा लागते. इथे तोच पैसा पुन्हा पुन्हा तागडीत पडतो. आपोआप डाव लावण्याची सोय असल्यामुळे तासाला हजार डाव सहज होतात. शंभर रुपयांचे हजार डाव म्हणजे एक लाखाची उलाढाल आणि सरासरीने एक हजारांची घट, दर तासाला. कोणत्याही पेढीत भांडवलाला असा घुशीचा उपद्रव असता, तर मालकाने रात्र जागून बीळ शोधले असते.

मुलगा म्हणाला, "पण मी हरल्यावर डाव दुप्पट करतो. एकदा जिंकले की सगळे भरून निघते." हा उपाय फार जुना आहे आणि प्रत्येक पिढीला तो स्वतःला सुचल्यासारखा वाटतो. शंभरापासून दुप्पट करत गेल्यास सलग दहा हारींत १,०२,३०० रुपये जातात, आणि ते परत मिळवण्यासाठी अकराव्या डावावर १,०२,४०० लावावे लागतात. सगळा खटाटोप मूळच्या शंभर रुपयांच्या नफ्यासाठी. त्या खेळात एखादी दहा डावांची मालिका सलग हारण्याची शक्यता साधारणपणे ९२७ मालिकांत एक आहे. दिवसाला एक मालिका खेळणाऱ्याला ती अडीच वर्षे कदाचित भेटणार नाही. तासाला हजार डाव टाकणाऱ्याशी तिची गाठ फार लवकर पडते.

या तपासणीलाही मर्यादा आहेत, आणि त्या जाहिरातीत नसतात. एक म्हणजे, खेळणाऱ्याने आपले बीज स्वतः बदलले नाही आणि संकेतस्थळाने दिलेलेच राहू दिले, तर दोन्ही बीजे एकाच बाजूची ठरतात; तिथे पुराव्याचा अर्थच उरत नाही. ठसा पाहिल्यानंतर स्वतःचे बीज टाकणारे किती असतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. दुसरे असे की ही पद्धत संकेतस्थळाच्या स्वतःच्या साध्या खेळांना लागू असते. त्याच पानावर शेजारी मांडलेले, बाहेरच्या कंपन्यांकडून घेतलेले स्लॉट किंवा कॅमेऱ्यासमोर पत्ते वाटणारी टेबले बहुधा तिच्याबाहेर राहतात. पण 'सिद्ध प्रामाणिक' या शब्दांची सावली त्या सर्वांवर पडते. शिवाय लिफाफ्याची लाखही कधी निघते. प्राइमडाइस या संकेतस्थळावर २०१४ मध्ये एका खेळाडूने सर्व्हरमधील दोष हेरून गुप्त बीज वेळेआधीच मिळवले आणि सुमारे दहा लाख डॉलर मोलाचे बिटकॉइन जिंकून नेले. त्या वेळी लुटला गेला तो खेळ चालवणारा. पण दोष राहू शकतो, एवढे त्यातून दिसले.

हे सगळे झाले फाशाबद्दल. खरी अडचण फाशात नाहीच.

२०१२ मध्ये एरिक वुर्हीस यांनी 'सातोशीडाइस' सुरू केले, तेव्हा तिथे खातेच उघडावे लागत नसे. ठरलेल्या पत्त्यावर बिटकॉइन पाठवायचे. निकाल लागला की जिंकलेली रक्कम पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येई. पुढच्याच वर्षी ते १,२६,३१५ बिटकॉइनना विकले गेले. नंतरच्या संकेतस्थळांनी वेगासाठी आणि सोयीसाठी पद्धत बदलली. आता आधी रक्कम त्यांच्याकडे जमा करायची, मग खेळायचे. पडद्यावर दिसणारी 'शिल्लक' ही त्यांच्या वहीतील एक ओळ असते. नाणी त्यांच्या तिजोरीत, किल्ली त्यांच्या हातात. व्यापाऱ्याच्या भाषेत खेळणारा हा त्यांचा धनको झाला, तोही विनातारण.

अशा वेळी आपले वाडवडील पहिला प्रश्न विचारत : पेढी कोणाची? गाव कोणते, जामीन कोण, वाद झाला तर पंच कोण? हुंडी स्वीकारताना कागदाचा दर्जा पाहत नसत. हुंडी लिहिणाऱ्याची पत पाहत. क्रिप्टो जुगाराची अनेक संकेतस्थळे कुरासाव या बेटाचा परवाना दाखवतात. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे हे कॅरिबियन बेट नेदरलंड्सच्या राज्यात मोडते. तिथे दीर्घकाळ मोजके मुख्य परवानाधारक आपल्याखाली असंख्य उपपरवाने वाटत असत. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा करून ती पद्धत मोडीत काढली गेली. पण नव्या कायद्यानेही लासलगावच्या किंवा सांगलीच्या माणसाला तिथे दाद मागणे कितपत परवडेल?

इथल्या न्यायालयाचा दरवाजा तर आधीच बंद आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवाणघेवाण घडवणे यांवर बंदी घातली. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. काही तरुण याचा अर्थ 'आम्हाला मोकळीक आहे' असा लावतात. पण अनेक संकेतस्थळांच्या अटींतच लिहिलेले असते की बंदी असलेल्या प्रदेशातून, व्हीपीएनने ठिकाण लपवून खेळणाऱ्याची शिल्लक जप्त करता येईल. हरेपर्यंत कोणी ठिकाण विचारत नाही. रक्कम काढायला गेले की ओळखपत्र, घरचा पत्ता, पैशांचा उगम, सगळे मागितले जाते.

बक्षिसाच्या अटीही अशाच वाचाव्या लागतात. पाच हजारांचा 'बोनस' मिळतो, पण तो काढण्यापूर्वी चाळीस पटींची उलाढाल करावी लागते, म्हणजे दोन लाखांची. स्लॉटमध्ये मालकाचा हिस्सा चार टक्के धरला तर सरासरी घट आठ हजारांची. पाच हजार मिळवण्यासाठी आठ हजार!

आणि चोर येतात ते वेगळेच. सप्टेंबर २०२३ मध्ये स्टेक या या क्षेत्रातील अग्रगण्य संकेतस्थळाच्या तिजोरीतून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरची क्रिप्टो नाणी चोरीस गेली. अमेरिकेच्या एफबीआयने ही चोरी उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीची असल्याचे जाहीर केले. ते संकेतस्थळ मोठे होते. घाव सोसून काही तासांत त्याचे व्यवहार पूर्ववत झाले. लहान संकेतस्थळाने तोच घाव ग्राहकांच्या खात्यावर लिहिला असता. जुगाराचा संबंध नसलेल्या, मुंबईहून चालणाऱ्या वझीरएक्स या विनिमय केंद्रातून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, तेव्हा आपल्या ओळखीतल्या कित्येकांचे पैसे महिनोन्महिने अडकून पडले, हे अनेकांना आठवत असेल.

संकेतस्थळ शाबूत राहिले तरी खेळणाऱ्याचे खाते फोडले जाऊ शकते, आणि त्याची सुरुवात बहुधा आपल्याच सवयींतून होते. आपल्या पेढ्यांत एकच ईमेल आणि एकच पासवर्ड सर्वत्र चालतो : जीएसटी, प्राप्तिकर, बँक, वीजबिल. ओटीपी येणारा मोबाइल दिवाणजींच्या गल्ल्याशेजारी पडलेला असतो. त्याच ईमेलवर मुलाने एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर खाते उघडले आणि तिथली यादी चोरीस गेली, तर चोर तोच पासवर्ड बँकेच्या दारावरही लावून पाहतो. हुबेहूब दिसणारी बनावट पाने, टेलिग्रामवर 'मदतनीस' म्हणून बोलणारे भामटे, दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून ओटीपी पळवणारे, कॉपी केलेला क्रिप्टो पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस, हे सगळे रोजचे प्रकार आहेत. बँकेत चुकून गेलेला पैसा कधी थांबवता येतो. क्रिप्टोचा व्यवहार एकदा नोंदला गेला की परत फिरवणारा कोणी नाही. कित्येक 'संकेतस्थळे' तर निव्वळ देखावा असतात. पडद्यावर लाखोंची शिल्लक वाढत जाते आणि काढायला गेले की आधी 'कर' भरायला सांगतात. आधी पैसे भरा मग तुमचे पैसे देतो, असे जो म्हणतो त्याच्याशी पुढे एक अक्षरही बोलू नये.

घरात कोणाचे असे खाते असल्याचे कळले, तर आरडाओरडा करण्याआधी काही गोष्टी उरकून घ्याव्यात. पेढीचा ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवावा. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी, जिथे सोय असेल तिथे, एसएमएसऐवजी मोबाइलमधील ऑथेंटिकेटर वापरावा. फोनमधील बाहेरून उतरवलेली ॲप काढून टाकावीत. झालेल्या व्यवहारांची चित्रे आणि खातेउतारे जपून ठेवावेत. फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी तीन दिवस गप्प बसले की ती शक्यता जवळजवळ संपते.

हा १९३० क्रमांकच त्या आडत्यांच्या खात्यापर्यंत पोहोचला होता, फक्त उलट्या बाजूने. कोठेतरी एका गृहस्थाची फसवणूक झाली, त्याने तक्रार केली, पोलिसांनी पैशांचा माग काढला. पहिले खाते, दुसरे, तिसरे. तिसऱ्यातून ३८,००० रुपये यूएसडीटीच्या मोबदल्यात पेढीच्या खात्यात आले होते. फसवणूक करणाऱ्याला चोरलेले रुपये क्रिप्टोत बदलायचेच असतात. म्हणूनच तो दोन रुपये चढा दर देतो. चोरीचा माल पडत्या भावात विकतात, चोरीचा पैसा चढ्या भावात खपवतात. भावातला हा फरक व्यापाऱ्याच्या मुलाच्या नजरेतून सुटायला नको होता.

गेल्या दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय झाला, तेव्हा हे पिता-पुत्र मंदिरात माझ्या पुढच्याच ओळीत होते. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पंडितजींनी समजावून सांगितले होते. कमीजास्त मापे वापरणे, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, हा अतिचार आपण सगळे चटकन ओळखतो. मुलगा संकेतस्थळावर नेमकी तीच तपासणी करत होता. पण त्याच सूत्रात विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार. आणि तदाहृतादानही आहे, म्हणजे चोराने आणलेले घेणे. दिव्याखाली बसून ऐकताना हे शब्द फार जुन्या काळातले वाटले होते. कार्यालयात बँकेचे पत्र समोर ठेवून वडिलांनी ते स्वतःच उच्चारले. मुलाने मान वर केली नाही.

पुढचे सहा आठवडे धावपळीत गेले. आम्ही पोलिसांना पेढीची तीन वर्षांची विवरणपत्रे, बाजार समितीच्या पावत्या आणि टेलिग्रामवरील संभाषण पाठवले. मुलगा वकिलासोबत परराज्यात जाऊन जबाब देऊन आला. वादग्रस्त ३८,००० सोडून बाकीचे खाते मोकळे झाले. दरम्यानच्या बाजारांना शेजारच्या गाळ्यातील आडत्याने हातउसने दिले, म्हणून एकाही शेतकऱ्याची पट्टी अडली नाही.

वर्षअखेरीस ताळेबंद करताना वडिलांनी विचारले, वकिलाची फी, प्रवास आणि गोठलेली रक्कम कोणत्या सदरात धरायची? हा धंद्याचा खर्च दाखवता येणार नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, दाखवायचाच नाही. मुलाने पेन घेतले आणि आपल्या नावाच्या उचल खात्यात ती रक्कम स्वतःच्या अक्षरात लिहिली.